बिल्ल्याचे चाळीस दिवस

खोळ भरायचा कार्यक्रम साडेदहाला सुरू झाला आणि सव्वाअकराला संपलाही. सातव्या महिन्याच्या खोळ भरणीत, म्हणजे ओटीभरणात, एरवी घोडेगावच्या बायका जेवणं होईपर्यंत हलत नाहीत. त्या दिवशी प्रत्येकीला घरी काही ना काही काम निघालं. जाताना त्या राखीच्या पोटाकडे बघत, मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याकडे, जिनेशकडे बघत, आणि मग चपला शोधायला लागत.

जिनेशच्या आईनं, जतनबाईंनी, हे सगळं पाहिलं. दोन्ही मुलं त्यांना बाई म्हणत. शेवटच्या बाईच्या हातात नारळ देऊन त्यांनी दार लोटलं, स्वयंपाकघरात आल्या आणि स्टोव्हला पंप मारला. चातुर्मासात त्या उकळलेलंच पाणी घेत. सकाळचं पातेलं आज राहूनच गेलं होतं.

जिनेश पर्युषणातल्या संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्टच्या अखेरीस, अचानक घरी आला होता. समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात तो चार वर्षं नोकरीला होता. तिथं आत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर काड्यापेटीएवढा एक बिल्ला असतो. माणसाच्या अंगावर किती किरणं पडली ते त्या बिल्ल्यात साठतं, आणि महिना संपला की तो यंत्रात घालून वाचतात. जिनेशच्या बिल्ल्यात एका झटक्यात वर्षभराचा आकडा निघाला होता. त्याला आत जायला मनाई झाली, रक्त तपासलं गेलं, आणि चौकशी होईपर्यंत रजा मिळाली. चौकशी शनिवारी होती. आज गुरुवार, तीन सप्टेंबर.

राखीनं हे माहेरी फोनवर सांगितलं. म्हणून वारूळवाडीहून तिचा थोरला भाऊ पिंटू जीप घेऊन आला होता. पस्तिशीचा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला हा गडी अजूनही सगळ्यांचा पिंटूच होता. बहिणीची पिशवी त्यानं कार्यक्रमाआधीच जीपमध्ये नेऊन ठेवली होती.

"काका, स्पष्टच बोलतो," मधल्या खोलीतून त्याचा आवाज आला. "चार वाजता मी राखीला घेऊन निघणार. बाळंतपण आमच्याकडं. आणि जावईबापूंनी ती नोकरी सोडल्याशिवाय ती परत जायची नाही."

तो जिनेशच्या वडिलांशी, माणिकचंदांशी बोलत होता. घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं रॉकेल आणि दिवाबत्तीचं दुकान होतं, वडिलांच्या वेळेपासूनचं. एकुलता एक मुलगा शिकून परमुलखात गेला याचं दुःख त्यांनी चार वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं. पण पिंटूचं बोलणं ऐकताना त्यांचा चेहरा उजळल्यासारखा झाला. तो उजेड जतनबाईंना दारातून दिसला आणि त्यांना नवऱ्याचा राग आला.

"पिंटू म्हणतो ते काही खोटं नाही," माणिकचंद म्हणाले. "जिनू, राजीनामा लिहून टाक. दुकान आहे. तुला काय कमी आहे इथं?"

जिनेशनं पायानं सतरंजीची घडी सरळ केली.

"पोखरणला काय झालं, टीव्हीवर बघितलं ना सगळ्यांनी?" पिंटूला जोर चढला. "अख्खी जमीन उचलली गेली राव! आणि आपला माणूस त्याच्याच शेजारी बसून डबा खातो."

"ते वेगळं आणि हे वेगळं, पिंटूभाऊ." चेतना पोळ्यांचा डबा हातात घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. जिनेशची ही धाकटी बहीण मंचरच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि घरातही तिचा आवाज वर्गातलाच असायचा. "बॉम्बमध्ये सगळी ताकद एका क्षणात मोकळी होते. केंद्रात तीच बेतानं, धरून धरून सोडतात. स्टोव्हची चावी कमीजास्त करतो ना आपण, तसं."

"आणि सोडून करतात काय?" माणिकचंदांनी विचारलं. चार वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता.

"पाणी उकळतात."

"काय?"

"पाणी. बाईनं आता स्टोव्हवर ठेवलंय तसंच. फक्त पातेलं मोठं. त्याची वाफ होते, वाफेनं भलंथोरलं चक्र फिरतं, चक्रानं वीज तयार होते. कोळशाच्या केंद्रातही हेच. धरणावर वाफेऐवजी पाणीच वरून पडतं आणि चक्र फिरवतं. फरक एवढाच, की कोळसा जाळावा लागतो, आणि अणूत जाळायचं काही नसतं. अणू फुटतो, त्यातून उष्णता निघते. धूर नाही, ज्वाळा नाही."

जतनबाईंनी हातातली सांडशी खाली ठेवली. "ज्वाळा नाही? मग जीव मरत नसतील."

"त्या हिशेबानं बघितलं तर बाई, आपलं रॉकेलच वाईट. समुद्रातले बारीक जीव मेले, मातीखाली दबले, कोट्यवधी वर्षं दबून राहिले, त्यांचं झालं तेल. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, सगळं त्याचंच."

"जीवांचं?" जतनबाई स्टोव्हकडे बघायला लागल्या. निळी ज्योत फुरफुरत होती. "अगं, मी ह्याच्यावर आयंबिलाच्या व्रताचं शिजवते!"

"चेतना," माणिकचंद कडक आवाजात म्हणाले, "हे दुकानात बोलायचं नाही."

राखी हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. पण पिंटू हसला नाही. "पाणी उकळा नाहीतर दूध उकळा, चेतनाताई. यंत्रात आकडा आलाय की नाही? जावईबापू, तुम्हीच सांगा."

जिनेश खाली बसला. "आलाय. तेच कळत नाही. आत जाताना आमच्याकडं दोन वस्तू असतात. एक पेनासारखी, ती रोजच्या रोज वाचायची. तिच्यात काहीच नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या चौघांचे बिल्ले स्वच्छ आहेत. माझ्याच बिल्ल्यात एवढं कुठून आलं? साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत आठव आणि खरं काय ते सांग."

"मग सांगा की खरं!"

जिनेशनं मान वर केली ती आईकडे बघायला. जतनबाईंनी नजर पातेल्यात घातली.

त्या दोघांना ठाऊक असलेली गोष्ट एवढीच होती. जूनमध्ये जतनबाई तापानं पडल्या, निरोप मिळताच जिनेश पाळी संपवून तसाच एसटीत बसला, आणि फाटकावरच्या फळीत अडकवून यायचा बिल्ला खिशात राहून घरी आला. परत जाताना तो शर्ट बदलून गेला. बिल्ला घोडेगावातच राहिला. केंद्राबाहेर बिल्ला नेणं म्हणजे मोठा गुन्हा. जिनेशनं तिथं हरवला म्हणून सांगितलं, तात्पुरता दुसरा घेतला, जुलैत येऊन पहिला नेला आणि लॉकरमध्ये सापडला म्हणून जमा केला. जाताना आईला बजावलं, "बाई, हा इथं होता हे कुणाला सांगू नकोस. घरी पडून त्यात काही साठत नाही, पण नोकरी जाईल."

जतनबाईंनी सांगितलं नव्हतं. पण त्यांच्यापाशी आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी जिनेशलाही सांगितली नव्हती. आठ दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता तो त्या गोष्टीपायी.

"माझं मत कुणी विचारलंय का?" राखीनं अचानक विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. ती पाटावरून उठली नव्हती. ओटीतलं खोबरं अजून मांडीवरच होतं.

"मी चार वर्षं त्या कॉलनीत राहते. तिथं दोन हजार माणसं राहतात, लेकरं शाळेत जातात. मला तिथली भीती कधी वाटली नाही. मला भीती वाटते ती ह्यांच्या गप्प बसण्याची. हे काहीतरी लपवतायत दादा, आणि ते काय आहे ते कळल्याशिवाय मी वारूळवाडीला आले तरी मला झोप लागायची नाही."

तेवढ्यात दुकानाच्या फळीवर कुणीतरी हात आपटला.

"ओ शेठ! हायसा का झोपलासा?"

शिनोलीचे भगवंतराव होते. दोन पिढ्यांचं गिऱ्हाईक, माणिकचंदांचे बरोबरीचे, आणि घरात कुणाचं लग्न असो की मयत, पंगतीला वाढणारे. माणिकचंद उठेनात म्हणून जतनबाई पुढं गेल्या.

"वैनी, दोन मेंटल द्या. लाइटीचं काय खरं न्हाई आमच्याकडं. खळ्यावर गॅसबत्ती लावल्याबिगर भागत नाय. आन् नवं द्या, मागचं लई लवकर फुटलं."

मेंटल म्हणजे गॅसबत्तीत बांधायची पांढरी रेशमी जाळी. एकदा पेटली की तिची राखेची कळी होते, आणि धक्का लागला की चुरा. म्हणून मेंटलं बाहेरच्या फळीवर नसत. आतल्या हिरव्या लोखंडी कपाटात, मधल्या कप्प्यात, पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात बारा-बाराची पाकिटं रचलेली असत. डिंभ्याच्या धरणात मासे धरणारे कोळी एकदम दोन-दोन डझन नेत, त्यामुळे खोकं कायम भरलेलं.

जतनबाईंनी कपाट उघडलं. खोक्यात हात घातला तर पाकिटांच्या मधोमध त्यांच्याच जुन्या पातळाचा एक चौकोनी तुकडा हाताला लागला. त्यांनीच गुंडाळायला घेतलेला.

त्या तो तुकडा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"वैनी? काय झालं वो?"

"भाऊजी, तुमी बसा जरा," असं म्हणून त्या मागं वळल्या आणि मधल्या खोलीच्या दारात येऊन एका दमात बोलल्या, "जिनू, चूक माझी आहे. मी तुझा बिल्ला धुतला."

"काय?"

"शर्ट सोड्याच्या गरम पाण्यात टाकला तेव्हा खिसा बघितला नाही. बाहेर काढला तेव्हा तो हातात आला. तूच म्हणाला होतास, हा असल्याशिवाय आत सोडत नाहीत, हा किरणांसाठी असतो. गळ्यात मादळिया, ताईत बांधतात तसं काहीतरी असेल असं मला वाटलं. मी त्यातली ताकद धुऊन काढली आणि तू तोच लावून आत गेलास. मग किरणं लागणार नाहीत तर काय होईल?"

इतकं बोलून त्या उंबऱ्यातच बसल्या. राखी पाटावरून उठली, जड अंगानं त्यांच्याजवळ आली आणि त्यांचा हात धरला. पिंटू तोंड उघडं टाकून बघत राहिला. बिल्ला घरी आला होता हेच मुळात बाकी कुणाला माहीत नव्हतं.

"बाई," जिनेश घाईनं म्हणाला, "बिल्ला काही वाचवत नाही ग. तो नुसतं मोजतो. तापमापीसारखा. तुझा ताप तापमापीनं येतो का? आणि पाण्यानं आकडा कमी होईल एखादवेळेस, वाढणार नाही."

"नक्की?"

"नक्की. धुतलास तर धुतलास. मग वाळवला कुठं?"

"वाळवला चुलीमागं, रात्रभर. सरकारी वस्तू, कुणी उचलू नये म्हणून मग ह्यात गुंडाळून कपाटात ठेवला."

"कोणत्या कपाटात?"

"दुकानातल्या. मेंटलच्या खोक्यात. वर चार पाकिटं रचली, खाली बाकीची. तू न्यायला आलास तोवर तिथंच होता."

जिनेशनं आधी आईकडं बघितलं, मग चेतनाकडं. मग तो उठला, दुकानात गेला, कपाटातलं खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि आणून खोलीच्या मधोमध ठेवलं.

"किती मेंटलं आहेत ह्यात, बाबूजी?"

"तीनशेच्या वर असतील. का?"

"ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी," जिनेश म्हणाला आणि थांबला. त्याला हसू येत होतं की रडू ते कळत नव्हतं. "दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला किरण मोजायचं यंत्र दाखवलं. खरोखरचं चालतंय हे दाखवायला त्यांनी खिशातून एक वस्तू काढून यंत्राजवळ धरली. यंत्र टकटक करायला लागलं. ती वस्तू बाजारातून आणलेली होती. गॅसबत्तीचं मेंटल."

पिंटू खोक्यापासून दोन पावलं मागं सरकला. जिनेश सांगतच होता.

"मेंटलला थोरियम लावलेलं असतं. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून काढतात. त्याच्यामुळंच ते एवढा पांढरा उजेड देतं. त्यातून थोडी किरणं निघतात. एका मेंटलनं काही होत नाही. पण तीनशे मेंटलांच्या पोटात बिल्ला चाळीस दिवस…"

"म्हणजे?" राखीनं विचारलं. तिनं सासूबाईंचा हात अजून सोडला नव्हता.

"म्हणजे मला काही झालेलं नाही. आकडा बिल्ल्याचा आहे, माझा नाही. मी त्या खोक्यात नव्हतो."

राखी रडायला लागली. मग चेतना. जतनबाईंनी दोघींकडं बघून पदर तोंडाला लावला, पण त्यांना रडू येईना. छातीवरचा धोंडा इतका अचानक उतरला होता की आता काय करायचं तेच त्यांना सुचेना.

"थांबा थांबा," माणिकचंद म्हणाले. "अणू माझ्या दुकानात होता?"

"पन्नास वर्षं, बाबूजी."

दुकानाच्या दारातून भगवंतरावांनी मान आत घातली. बसा म्हटल्यावर ते बसले नव्हते, सगळं ऐकत उभे होते. "जिनूभाऊ, म्या तर कळायला लागल्यापून ही जाळी ह्याच बोटांनी बांधतुया. माझं काय व्हणार?"

"काही नाही काका. बांधल्यावर हात धुवा. आणि जुन्या मेंटलचा चुरा तोंडानं फुंकून काढू नका, ओल्या फडक्यानं पुसा."

"फुकतुया की! रोजच!"

"आजपासून नको."

"बरं. मंग दोन नगं, एकच द्या," भगवंतराव म्हणाले, आणि पिंटूला हसू फुटलं. एवढ्या मोठ्यानं की बाहेर जीपजवळ झोपलेलं कुत्रं उठून गेलं.

पण हसणं लगेच थांबलं, कारण जिनेश हसत नव्हता. "हे साहेबांना सांगायचं म्हणजे, बिल्ला मी घरी आणला आणि वर खोटं बोललो, हेही सांगावं लागेल."

माणिकचंदांनी घसा साफ केला. "सांगायलाच पाहिजे का? तुला काही झालेलं नाही, हे आपल्याला कळलं. राजीनामा दिला की चौकशी संपली. दुकानाचं नाव कशाला सरकारी कागदावर?"

"काका," पिंटू उठून उभा राहिला, "मघाशी मी तुमच्या बाजूनं होतो. आता नाही. माझ्या बहिणीच्या पोरानं उद्या विचारलं, माझ्या बापाच्या नावावर तो आकडा का आहे, तर काय सांगायचं? चला जावईबापू. एसटीडीवर. आत्ताच्या आत्ता."

तो जिनेशला दंडाला धरूनच बाहेर घेऊन गेला. बाकीचे मागून निघाले. राखीला जीपमध्ये बसवलं, खोकं तिच्या शेजारी ठेवू नका म्हणून जतनबाई ओरडल्या, आणि माणिकचंदांनी ते मुकाट्यानं परत कपाटात नेऊन ठेवलं. बाजारपेठेच्या टोकाला एसटीडीचं बूथ होतं. बारा वाजून दहा मिनिटांनी फोन लागला.

काचेआड जिनेश उभा राहून बोलत होता आणि बाहेरची सहा माणसं त्याच्या पाठीकडं बघत होती. आधी तो बराच वेळ बोलला. मग बराच वेळ ऐकत राहिला. ऐकताना त्याची मान खाली गेली, आणखी खाली गेली, आणि मग हळूच वर आली. त्यानं दार ढकलून उघडलं.

"शिव्या दिल्या. भरपूर. म्हणाले, अरे गाढवा, बिल्ल्यात तीन चकत्या असतात, त्यातली झाकण नसलेली, उघडी चकतीच जास्त भरली होती, म्हणजे किरणं वरवरची. आपल्या केंद्रात असं होत नाही, म्हणून मी आठ दिवस डोकं फोडतोय, आणि तू घरी बसून राहिलास. मेमो मिळेल, तो घे आणि कामाला लाग. एक मेंटलचं पाकीट घेऊन ये, त्यात दुसरा बिल्ला ठेवून बघू." त्यानं श्वास घेतला. "पण त्यांना जबाब लिहून घ्यायचाय. ज्यानं बिल्ला ठेवला त्याचा. आत्ता, फोनवर. बाई, तू ये."

जतनबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. माणिकचंद बाजूला झाले. त्या बूथमध्ये शिरल्या आणि फोन कानाला लावला.

"नमस्कार बाई," पलीकडचा आवाज थकलेला होता, पण रागावलेला नव्हता. "बिल्ला कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत खोक्यात होता?"

तारखा जतनबाईंना कधीच लक्षात राहत नसत. "वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ठेवला, साहेब. आन् चौमासी चौदसला चातुर्मास बसला, त्याच्या बाराव्या दिवशी काढून जिनूला दिला. मधे कुणी हात लावला नाही. किल्ली माझ्या कमरेला असते."

"थांबा, थांबा. इंग्रजी तारीख?"

चेतनानं दारातूनच बूथमधल्या कॅलेंडरची पानं मागं उलटली. "अकरा जून ते वीस जुलै, बाई. चाळीस दिवस."

जतनबाईंनी ते सांगितलं. पलीकडं लिहिल्याची खरखर ऐकू आली.

"आता तुमचं पूर्ण नाव सांगा."

जतनबाई थांबल्या. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. ह्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. त्यांच्या सासूनं घेतलं नव्हतं, त्यांनीही नाही. रेशनकार्डाच्या वेळी दिरानं सांगितलं, मतदानाच्या वेळी चिठ्ठी पुढं केली. आणि आता माणिकचंद काचेपलीकडं चार पावलांवर उभे होते, त्यांच्या शेजारी भगवंतराव, पिंटू, जीपच्या दारात राखी.

"बाई? जबाबाला पूर्ण नाव लागतं. त्याशिवाय मला कागद पुढं पाठवता येणार नाही."

"जतनबाई…" त्यांनी डोळे मिटले. "जतनबाई माणिकचंद मुथा."

"लाइन खराब आहे. मधलं नाव परत सांगा."

"माणिकचंद."

"काय चंद? जरा मोठ्यानं."

जतनबाईंनी डोळे उघडले. काचेपलीकडं त्यांचा नवरा, लग्नात दिसला होता तसा, कानापर्यंत लाल झाला होता. त्यांनी फोन घट्ट धरला आणि अख्ख्या बाजारपेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"माणिकचंद, साहेब! माणिकचंद! लिहिलंत?"